अबोलीचं थोरियम

— राहू द्या हो चपला, नाही काढल्यात तरी चालतील, फरशी काय, पुसायचीच आहे — मागे अबोलीच्या पासपोर्टाला तुमच्यातले एक आले होते, ते तर बुटासकट गॅलरीपर्यंत जाऊन आले — बसा, इकडे पंख्याखाली बसा, साहेब. मी सकाळपासून वाटच बघत होते. काल पोलीस स्टेशनातून फोन आला की उद्या दुपारच्या आत माणूस येईल, साध्या कपड्यात असेल, घरी कोणीतरी थांबा. म्हटलं थांबते, मला कुठे जायचंय? आणि मघाशी वॉचमननं इंटरकॉमवर सांगितलं, मिशीवाले एक काका आलेत, अबोलीताईबद्दल विचारतायत, सोडू का वर — तर मी म्हटलं, अरे सोडू का काय, त्यांना कोणी अडवतं का? आणि दार उघडलं तर तुम्ही. ही छाती, ही मिशी, हे बारीक कापलेले केस — कपडे कितीही साधे घाला साहेब, पोलीस माणूस झाकत नाही. काय? — नाही नाही, ओळख वगैरे काही सांगू नका, मी तुमच्यावर अविश्वास दाखवणार आहे का? आधी चहा. उकळतोच आहे. चहा घेतल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही — म्हणजे तुम्ही. मी बोलते.

घ्या. साखर कमी वाटली तर सांगा. तर अबोली — एकच मुलगी आमची. हे शिरवण्याला एमआयडीसीत आहेत, औषधाच्या कंपनीत, स्टोअरला. आज त्यांना रजा मिळाली नाही, नाहीतर तेही थांबले असते. मुलगी एम.एस्सी. झाली, केमिस्ट्री घेऊन, मग परीक्षा दिली, मुलाखत दिली — समोर म्हणे सगळे पांढऱ्या केसांचे बसले होते आणि एकानंही हिला पाणी विचारलं नाही — आणि निवड झाली! तिकडे, खाडीपलीकडे. अणुशक्तीत. आता फक्त तुमचा शेरा राहिलाय. तुम्ही वर्तणूक चांगली लिहिलंत की झालं. नाही लिहिलंत की — नको बाई, तसं बोलायलाच नको. आमच्या खालच्या सुमित्राबाई आहेत ना, त्यांच्या भाच्याचं असंच झालं होतं. सरकारी नोकरी, सगळं उत्तम, आणि त्यानं जुना पत्ता सांगितला नव्हता, विसरला होता हो बिचारा, तर कितीतरी महिने कागद अडकून पडला. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, सुनीती, पोलिसांपासून काही लपवायचं नाही. असेल ते सांगून मोकळं व्हायचं. लपवलेलं त्यांना वासानं कळतं. — कळतं ना? — बघा, हसलात! म्हणून मी ठरवलंय, आज तुम्हाला सगळं सांगायचं. सगळं म्हणजे सगळं. जे अबोलीनं सांगू नको म्हटलंय तेसुद्धा. कारण तिला वाटतं ते घरचं आहे, आणि मला वाटतं सरकारपुढे घरचं-बाहेरचं काही नसतं.

वर्तणूक म्हणाल तर एकदा सिग्नल तोडलाय. स्कूटीवर, नेरूळला, स्टेशनाच्या अलीकडे. दंड भरला. घ्या लिहून. — लिहीत नाही? डोक्यात ठेवता? बरं, तुमची पद्धत. सोसायटीच्या गणपतीत एकदा अध्यक्षांशी भांडली, लाऊडस्पीकरवरून. पण चूक अध्यक्षांची होती, हे तुम्ही कोणालाही विचारा, अध्यक्षांच्या बायकोला विचारा. परदेशात कोणी नाही. तिच्याबरोबरच्या दोघी जर्मनीला गेल्या, हिलाही बोलावत होत्या, पण ही म्हणाली, माझं काम इथे आहे. कसलं काम? तर थोरियम. — हो, असंच बघितलं होतं मीसुद्धा तिच्याकडे. मला आधी वाटलं थायरॉइडचं काहीतरी आहे. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एकीला तरी आहे तो.

आम्ही टूरबरोबर केरळला गेलो होतो. किनाऱ्यावर सगळे सूर्यास्त बघतायत, फोटो काढतायत, आणि ही आपली उकिडवी बसून वाळूकडे बघतेय. काळपट वाळू होती तिथे, पट्टेच्या पट्टे, तव्याच्या बुडाला काजळी असते तशा रंगाचे. म्हटलं काय हरवलं गं? तर म्हणाली, आई, हे बघ, यात थोरियम आहे. आपल्याकडे युरेनियम थोडं, बाहेरून मागवावं लागतं, कोणी देतं, कोणी अटी घालतं — पण हे आपल्याकडे इतकं आहे, की नीट वापरायला जमलं तर कित्येक पिढ्यांना वीज पुरेल. आणि आपण त्यावर चपला काढून फिरतोय. मी म्हटलं, मग न्यावं आणि जाळावं, त्यात काय! तर अशी हसली माझ्याकडे बघून — म्हणाली, तिथेच तर सगळं अडलंय आई, ते पेटत नाही.

आता हे मी तुम्हाला सांगते, मला जेवढं कळलंय तेवढं, बाकी तिला विचारा. ती मला सगळं सांगते हं. मी बारावी, तीही आर्ट्सची, पण काही कठीण आलं की ती आधी माझ्याकडे येते, ओट्याशी उभी राहते आणि बोलत सुटते. म्हणते, तुला सांगताना मला कळतं, मला कुठे कळलेलं नाही. तर त्या दिवशी मी दूध विरजत होते. ती म्हणाली, आई, थांब, हेच ते. थोरियम म्हणजे दूध. नुसतं ठेवलंस तर त्याचं दही होईल का? — मी म्हटलं, नासेल. — तर म्हणाली, थोरियम नासतही नाही, कोटी कोटी वर्षं तसंच बसून राहतं. त्याला विरजण लागतं. विरजण म्हणजे युरेनियम, नाहीतर ते दुसरं, प्लुटोनियम. त्यातून बारीक कण सुटतात, ते थोरियमला जाऊन लागतात, आणि मग हळूहळू — लगेच नाही, दही काय हाक मारली की लागतं? — त्याचं एक वेगळ्याच जातीचं युरेनियम तयार होतं. ते मात्र चालतं. त्यातून उष्णता निघते, उष्णतेची वाफ, वाफेनं चक्र फिरतं आणि ही तुमच्या डोक्यावरच्या पंख्याला वीज. आणि त्यातलंच थोडं राखून ठेवायचं, पुढच्या दुधाला. मग दरवेळी शेजारी वाटी घेऊन जायला नको! — कळलं ना? बघा, तुम्हालाही कळलं. मला जेव्हा कळलं ना साहेब, तेव्हा मी विरजणाचा चमचा हातात धरून पातेल्यात वाकून बघितलं. एवढं मोठं, आणि माझ्या पातेल्यात बसलं.

धोका? — विचारलंत ते बरं केलंत. धोका नाही असं ती म्हणत नाही. खोटं कशाला सांगू? ते जे नवं तयार होतं ना, त्याच्याबरोबर आणखी एक नको ते तयार होतं, अगदी थोडं, पण त्याची किरणं फार तीव्र. त्यामुळे त्याला हातानं शिवायचं नसतं, जाड भिंतीआडून, यंत्राच्या हातांनी सगळं. कचराही उरतोच, तो सांभाळायचा असतो. आणि अजून हे कुठे घराघरातून चालू झालेलं नाही हं — प्रयोग चाललेत, पायऱ्या आहेत, त्यातली थोरियमची तर शेवटची पायरी. मी विचारलं, तुझ्या हयातीत होईल का गं? तर म्हणाली, माहीत नाही. म्हटलं, मग? तर काय म्हणाली — आई, आंबा लावणाऱ्या आजोबांना कोणी असं विचारतं का? — आता ह्याच्यावर मी काय बोलणार? गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे बघा.

आणखी एक घ्या ना अर्धा कप. — आता ते मुख्य. मी सकाळपासून मनाशी म्हणतेय, हे सांगू की नको. पण तुम्ही खाली कोणाला विचारलंत आणि त्यांनी वेडंवाकडं सांगितलं तर? त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. मुलीचं एका मुलाशी जमलंय. वाईट नाही हं काही. वाशीला कॉलेजात एकत्र होते. उदयसिंह नाव. इतका चांगला मुलगा आहे — सहा फूट उंच, आणि आमच्याकडे आला की फ्रिजवरचा डबा मला न विचारता काढून देतो. साताऱ्याकडची मंडळी. कांदा-बटाटा मार्केटात गाळा आहे त्यांचा, वडिलांनी उभा केलेला, आता हाही तिथेच असतो. त्या मुलाला थोरियम माहीत आहे, नोकरी माहीत आहे, त्याला अभिमान आहे. अडचण त्याची नाही. अडचण आहे ती वडिलांची. कृष्णातराव. — काय झालं? ओळखता? — मार्केटात बंदोबस्ताला असता का तुम्ही? मग ओळखत असालच. कसे आहेत हो स्वभावानं? — बरे आहेत? — बरं, तुम्ही म्हणता तर असतील. माणूस कष्टाळू आहे, ह्यात वाद नाही. हमालांच्या पोरांच्या शाळेचं स्वतः बघतात, कोणाच्या घरी काही झालं तर पहिले जाऊन उभे राहतात, उदयसिंहच सांगत होता. पण अणू म्हटलं की त्यांचं डोकं चालेनासं होतं. त्यांचा फ्लॅट आहे वाशीला, अगदी खाडीच्या तोंडावर, लोक तसल्या खिडकीसाठी जीव टाकतात — आणि ह्यांनी काय करावं? समोर खाडीपलीकडे ते अणुकेंद्राचे घुमट दिसतात, तर तिकडून किरणं येतील म्हणून खिडकी बुजवून टाकली! विटा लावून! भर दिवसा घरात ट्यूबलाइट लावून बसतात. मी उदयसिंहला म्हटलं, अरे, आणि त्या ट्यूबलाइटची वीज तारापूरच्या अणुभट्टीतून येत असली तर? — अगंबाई, सांडला का? राहू द्या, राहू द्या, मी पुसते. शर्टावर नाही ना? पांढरा आहे म्हणून म्हटलं.

तर ह्या अशा माणसाला सांगायचं कसं, की तुमची होणारी सून तिकडेच नोकरीला जाणार आहे? म्हणून उदयसिंहनं युक्ती काढली, आधी बाबांना मुलगी आवडू दे, बाकीचं मग बघू. त्यांना सांगितलंय, मुलगी केमिस्ट्री शिकवते. तसं अगदीच खोटं नाही हो ते, सध्या नेरूळला क्लासमध्ये शिकवतेच ती, आत्ताही तिथेच गेलीय, जेवायला येईल. पण पुढचं नाही सांगितलं. मला हे पटलेलं नाही. अबोलीलाही नाही. ती तर धुमसतेय आतून. म्हणते, आई, मी चोरी केल्यासारखं का लपवायचं? ज्यासाठी एवढे दिवस अभ्यास केला, तेच नेमकं सासऱ्यांपुढे झाकून ठेवायचं? पण उदयसिंह हात जोडतो, म्हणतो थोडे दिवस. कारण कृष्णातराव एकदा जेवताना बोलून गेलेत, कोणाच्या तरी स्थळावरून विषय निघाला म्हणून — मला घरात सून हवी, भट्टी नको. असल्या ठिकाणच्या मुलींना धड पोरं होत नाहीत, मला नातवंडं खेळवायचीत. — असं म्हणाले. म्हणजे हे मी त्यांच्या तोंडचं सांगतेय, तुम्ही कशाला मान खाली घालता?

आणि खरं सांगू? मला त्यांचा राग येत नाही. हसू येतं, पण राग नाही. मी काय कमी घाबरले होते? निवड झाल्याचं कळलं, सगळीकडे पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सुमित्राबाई म्हणाल्या, तुळस किरणं शोषून घेते म्हणे. झालं! मी कुंड्याच कुंड्या आणल्या. ती बघा गॅलरी — पाय ठेवायला जागा नाही. अबोलीनं बघितलं, हसली नाही, एवढंच म्हणाली, छान दिसतंय आई, काढ्याला उपयोगी पडेल. आणि मग माझ्याजवळ बसून सांगत राहिली — तिथे अंगावर एक बिल्ला लावतात, किती किरणं लागली ते त्यात कळतं, त्याच्यावर मर्यादा असते, पोटुशी बाई असली तर तिला तसल्या कामावर ठेवतच नाहीत, तिथे काम करणाऱ्यांना मुलं आहेत, नातवंडं आहेत. किरणं तर केळ्यातही असतात म्हणाली, थोडीशी. मी म्हटलं, केळ्यात? म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादात? — तर म्हणाली, आई, तिथेच थांब आता. मग हळूहळू गेली माझी भीती. गेली म्हणजे — बारीक झाली. पूर्ण कुठे जाते आईची भीती? पोरगी मोटारीनं गेली तरी असते.

आणि गंमत ऐका. गॅसबत्ती आठवते तुम्हाला? तुमच्या वयाच्या माणसाला आठवणारच. वरातीत असायच्या, डोक्यावर घेऊन चालायचे लोक. आत ती पांढरी जाळी, बोट लागलं की भुगा व्हायचा — मँटल. त्या जाळीत थोरियम असायचं! म्हणून तो एवढा पांढराशुभ्र उजेड. अबोलीनं सांगितलं आणि मी चाटच पडले. म्हणजे बघा, कृष्णातरावांची वरात, साताऱ्याकडची, मानाची, चांगल्या दहा-वीस गॅसबत्त्या तरी असणार. म्हणजे थोरियमच्याच उजेडात पाहिलं की नाही त्यांनी बायकोचं तोंड? आणि झाली ना मुलं? धडधाकट झाली! एक तर सहा फूट आहे, फ्रिजवरचा डबा काढतो! — अहो हळू, हळू — ठसका लागला — पाणी घ्या. वर बघा. वर. — हसताय की खोकताय? डोळ्यांतून पाणी आलं. — अबोली मात्र म्हणाली हं, आई, असं कोणाला तोंडावर फेकू नको, जाळीतलं चिमूटभर वेगळं आणि भट्टीतलं वेगळं, हा काही पुरावा नव्हे. तिचं असं असतं. स्वतःच्या बाजूचं असलं तरी वाढवून बोलू देत नाही. तेव्हा तुम्हीही वाढवून लिहू नका.

तिचं काम नेमकं काय, तर थोरियम विरघळवायचं. वापरून झालेलं पुन्हा उपयोगात आणायचं तर आधी विरघळायला हवं ना, आणि ते विरघळतच नाही. तिनं कॉलेजात असताना प्रकल्प केला होता त्यावर. असलं जालीम आम्ल ओतलं तरी ढिम्म. तापवा, ढवळा, वाट बघा, पुन्हा तापवा. मी म्हटलं, बाई गं, कंटाळा नाही येत? तर म्हणाली, नाही आई, हट्टी आहे पण लबाड नाही. वेळ दिला की विरघळतं. — त्यावर मी म्हटलं, मग कृष्णातरावांपेक्षा बरं म्हणायचं! — तुम्ही हसलात, ती नाही हसली. ती म्हणाली, त्यांना आपण वेळ कुठे दिलाय? आपण तर खोटं सांगून मोकळे झालो.

हे बघा, एवढं सांगितलंच आहे तर शेवटचंही सांगते, कारण तुम्हाला हे लिहावं लागेल, की मुलगी नोकरी घेऊन मध्येच सोडून जाईल का. परवा उदयसिंह इथे बसला होता, तुम्ही बसलात तिथेच. अबोलीनं त्याला सांगितलं — मी आत कणीक मळत होते, ऐकायचं म्हणून ऐकलं नाही, भिंतच पातळ आहे — म्हणाली, उद्या तुझे बाबा म्हणाले, लग्न हवं तर नोकरी सोड, तर मी लग्न सोडीन. तुझ्यावर प्रेम नाही म्हणून नाही. पण मग त्या घरात जी येईल ती मी नसेन. — तो म्हणाला, तसं झालं तर मीही घर सोडीन. तर ही काय म्हणाली? नाही. ते नाही करायचं. बाबांचं आयुष्य त्या गाळ्यात गेलंय, तू त्यांना सोडून आलास तर मला तू नकोस. — आता सांगा, काय करावं ह्या मुलीचं? स्वतःचे दोन्ही दोर कापून बसलीय. इकडे हसते, क्लासला जाते, मुलांना धडे देते, आणि आंघोळीला गेली की नळ सोडून ठेवते, एरवी आम्हाला बादलीभर पाण्यावरून बोलणारी. मला कळत नाही का? मी काही विचारत नाही. तिच्या आवडीची शेवग्याची आमटी करते. आई दुसरं काय —

थांबा हं, फोन. तिचाच. — हॅलो, हां बोल. हो, आलेत ना. समोरच बसलेत, चहा झाला, सगळं व्यवस्थित — काय? — तुला फोन केला त्यांनी? उद्या येणार? अगं पण ते तर इथे — मग हे — नाही. काही नाही. हो, ऐकतेय. काय म्हणतोय उदयसिंह? — बाबा गाळ्यावर नाहीत. — कुठे गेले ते सांगून नाही गेले. — नाही गं, माझा आवाज ठीक आहे. ये तू. ये सावकाश. ठेवते.

साहेब.

— तुमचं नाव काय म्हणालात?

…

अहो, मग सांगायचंत तरी! — मुलीचं घर कोणाला न सांगता एकदा बघून यावं म्हणून आलात? — दारातच सांगत होतात? — हो. ओळख सांगत होतात, मीच नको म्हटलं. — चहाच्या वेळीही? — असेल. असेलच. पण मी एकदा बोलायला लागले की — देवा. ती खिडकी. ती वरात. मी तुमच्या लग्नाची वरात काढली तुमच्यासमोर! — हसू नका हो. माझ्या हातानं मी पोरीचं — तिनं मला बजावलं होतं, आई, कोणाला बोलू नको. आणि मी ज्याला सांगायचं नाही नेमकं त्यालाच पंख्याखाली बसवून, दोनदा चहा पाजून…

नाही. थांबा. जरा श्वास घेते.

हे बघा कृष्णातराव, माफी मागते मी. चेष्टेबद्दल मागते. पण बाकीच्यातला एक शब्द मागे घेत नाही. पोलीस समजून सांगितलं म्हणजे खरंच सांगितलं ना? तुम्ही व्याही म्हणून रीतसर आला असतात, तर मी तुम्हाला पोहे दिले असते आणि मुलगी शिकवते म्हणून सांगितलं असतं, आणि तुम्ही खूश होऊन गेला असतात. त्यापेक्षा हे बरं. तुमची मुलगी असती तर — बरं, मुलगी नाही तुम्हाला. असती तर कळलं असतं. भीती वाटते ना? मलाही वाटते. आपण दोघं घाबरू. त्यात काही लाज नाही. पण आपल्या भीतीपायी तिनं हात बांधून बसावं, हे काही बरोबर नाही. — नोकरी? नाही सोडणार. हा एकच प्रश्न तुम्ही नीट विचारलात आणि त्याचं हे एकच उत्तर आहे. मी तिला सोड म्हणणारही नाही. आता उठून जायचं तर जा, मी दार उघडते.

— काय?

पुन्हा सांगा.

तिच्याकडूनच ऐकायचंय? ते दह्याचं? — अहो, माझ्यापेक्षा कितीतरी छान सांगते ती! मी तर निम्मं विसरले. पण तुम्ही खरंच — म्हणजे हो म्हणताय असं नाही, कळलं मला. आधी ऐकणार. मग ठरवणार. प्रश्न विचारणार. पोरांचं विचारणार. विचारा की! हवे ते विचारा, आडवेतिडवे विचारा, तिला आवडतं तसलं. आणि पटलं नाही तर तोंडावर सांगा, तिला तेही आवडेल. तिला फक्त लपवलेलं आवडत नाही.

मग असं करा. तुम्ही आत्ता जा. — हो, हाकलतेच आहे, कारण ती येतेय. स्टेशनाजवळ पोचलीसुद्धा असेल. तिनं तुम्हाला इथे पाहिलं तर तिला कळेल की मी सांगून बसले, आणि मग ते माझं सांगणं होईल. हे तिचं आहे. तिच्या तोंडून निघायला हवं, ताठ मानेनं. तुम्ही रविवारी या, वहिनींना घेऊन, रीतसर. ती सगळं स्वतः सांगणार, मला माहीत आहे, उदयसिंहनं कितीही डोळे मिचकावले तरी सांगणार, पोह्यांची बशी तुमच्या हातात देता देताच सांगेल. तेव्हा नवीन ऐकल्यासारखं ऐका. जमेल ना? — माझी काळजी करू नका. मला खोटं बोलायला लावू नका एवढंच, ते मला येत नाही. मी नुसती गप्प बसेन. — हसताय काय? बसेन! पूर्ण दुपार बसेन. लिफ्टनं नको, ती लिफ्टनंच येते, जिन्यानं जा, आणि वॉचमनला काही सांगू नका, तो सोसायटीभर करेल. या, सावकाश, तिथे पायरी जरा उंच आहे — आणि काय हो, खरंच, तुमच्या वरातीत गॅसबत्त्या —

बरं. नाही विचारत.

लिफ्ट आली. निघा.

हे बघा, झाले गप्प.